मर्केटरवरचा खटला

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ते चित्र कोणी ना कोणी पाठवतेच. आफ्रिका खंडाची बाह्यरेषा आणि तिच्या पोटात अमेरिका, चीन, भारत व युरोपातले कितीतरी देश कोंबून बसवलेले. खाली एक ओळ असते : शाळेत आपल्याला जगाचा खोटा नकाशा शिकवला गेला, कारण युरोपीयांना स्वतःचा खंड मोठा आणि आफ्रिका लहान दाखवायची होती.

चित्र खरे आहे. ती ओळ मात्र इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने जशीच्या तशी पुढे ढकलू नये, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा धागा. लांबला आहे, तेव्हा सवडीने वाचा.

प्रथम आकडे, कारण त्यांच्याबद्दल वाद नाही. आफ्रिकेचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आहे, ग्रीनलंडचे सुमारे २१ लाख ६६ हजार. म्हणजे आफ्रिका ग्रीनलंडच्या १४ पट. भिंतीवरच्या त्या ओळखीच्या नकाशात मात्र दोन्ही जवळपास सारखी दिसतात. भारत ग्रीनलंडच्या दीडपट आहे. नकाशात तो ग्रीनलंडच्या एका कोपऱ्यात सहज मावेल असा वाटतो. अलास्का ब्राझीलच्या बरोबरीचा दिसतो, प्रत्यक्षात ब्राझील त्याच्या जवळजवळ पाचपट आहे. आणि घरचे उदाहरण हवे असेल तर : महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, संपूर्ण युनायटेड किंग्डमचे सुमारे २ लाख ४४ हजार. आपले एक राज्य त्या देशाहून मोठे आहे. तरीही या नकाशावर युनायटेड किंग्डमने व्यापलेला कागद महाराष्ट्राच्या सुमारे दुप्पट भरतो.

असे का होते? मोसंबीची साल शक्य तितकी अखंड काढा आणि टेबलावर सपाट बसवून पाहा. ती कुठे तरी फाटेल किंवा ताणावी लागेल, तिसरा मार्ग नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात. कोणतेही प्रक्षेपण सर्वार्थाने खरे असू शकत नाही, हे अठराव्या शतकात ऑयलरने गणिताने दाखवले आणि १८२७ मध्ये गाऊसने त्यामागचे व्यापक तत्त्व मांडले. क्षेत्रफळ सांभाळायचे तर आकार बिघडतात. कोन सांभाळायचे तर क्षेत्रफळ बिघडते. अंतरांचेही तसेच. म्हणून ‘जगाचा खरा नकाशा’ असे कोणी विकू लागले, तर तो विकणारा एक तर भूगोल जाणत नाही किंवा ग्राहक ओळखून आहे.

तेव्हा विचारण्याचा प्रश्न असा की या नकाशाने काय सांभाळले, काय सोडले, आणि कोणासाठी.

गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये, ड्युइसबुर्ग या जर्मन गावात राहत असताना, १८ कागदांवर छापलेला एक भलामोठा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. कागद जोडले की तो सुमारे दोन मीटर रुंद होतो. त्याच्या लांबलचक लॅटिन शीर्षकातच हा नकाशा नाविकांच्या उपयोगासाठी जुळवून केला आहे, असे म्हटलेले आहे. हेतू लपवलेला नाही, कपाळावर लिहिलेला आहे.

नाविकाची अडचण अशी होती. खुल्या समुद्रात त्याच्यापाशी होकायंत्र असते. एक दिशा धरून जहाज हाकणे हे त्याला सर्वांत सोयीचे. परंतु पृथ्वी गोल असल्याने, उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम सोडून कायम एकाच दिशेने जाणारा मार्ग गोलावर हळूहळू ध्रुवाकडे वळत जाणारी सर्पिल रेषा ठरतो. पोर्तुगीज गणिती पेद्रु नुनिश याने हे १५३७ च्या सुमारास स्पष्ट केले होते. ही वाकडी रेषा कागदावर सरळ दिसेल असा नकाशा करता आला, तर नाविकाने पट्टी ठेवावी, निघण्याचे आणि पोहोचण्याचे बंदर रेघेने जोडावे, कोन मोजावा आणि तोच कोन होकायंत्रावर धरून जावे. मर्केटरने नेमके हे साधले.

त्याची किंमत कशी मोजावी लागली, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढचा सगळा वाद तिथे जन्मतो. रेखावृत्ते ध्रुवांपाशी एकत्र येतात. ६० अंश अक्षवृत्तावर दोन रेखावृत्तांतील अंतर विषुववृत्तावरच्या अंतराच्या निम्मे असते. मर्केटरच्या नकाशात मात्र सर्व रेखावृत्ते समांतर उभी आहेत, म्हणजे ६० अंशांवरची भूमी आडवी दुप्पट ताणली गेली. आता कोन बिघडू द्यायचे नसतील, तर ती उभीही तितकीच ताणायला हवी. दोन्हीकडून दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ७५ अंशांवर हाच आकडा जवळजवळ १५ पटींवर जातो आणि ध्रुव तर अनंतावर पडतो, कागदावर येऊच शकत नाही. म्हणूनच मर्केटरने उत्तर ध्रुवाचा प्रदेश कोपऱ्यात वेगळा, गोल चौकटीत काढला. ध्रुवांकडे अंशांची लांबी आपण क्रमाक्रमाने वाढवली आहे, हेही त्याने नकाशावरच्या मजकुरात सांगितले. ती नेमकी किती वाढवावी याची कोष्टके मात्र इंग्लंडच्या एडवर्ड राइटने १५९९ मध्ये दिली.

शिवाय मर्केटरवरची सरळ रेषा ही सर्वांत जवळची वाट नव्हे. मुंबई आणि न्यूयॉर्क या नकाशावर पट्टीने जोडा : रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाईल. गोलावर दोरा ताणून पाहाल तर तो रशिया आणि स्कँडिनेव्हियावरून, जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढून मग खाली उतरेल. नाविकाला हे चालत होते. त्याला जवळची वाट नको होती, चुकणार नाही अशी वाट हवी होती.

आता त्या ओळीतल्या आरोपाकडे येऊ. युरोपीय साम्राज्याचा बडेजाव मिरवण्यासाठी हा नकाशा रचला गेला म्हणणाऱ्याने आधी १५६९ हे वर्ष कोणते होते, ते पाहावे. दख्खनमध्ये तालिकोटची लढाई होऊन चार वर्षे झाली होती. दिल्ली-आग्र्याला अकबर होता. लंडनच्या ज्या व्यापारी कंपनीने पुढे हिंदुस्थान गिळला, तिला सनद मिळायला अजून ३१ वर्षे होती. समुद्रापार साम्राज्य होते ते पोर्तुगाल आणि स्पेनचे. हे दोन्ही देश ४० अंशांच्या आसपास आहेत, म्हणजे मर्केटरने त्यांना फुगवले ते पावणेदोन पटींहूनही थोडे कमी. आणि त्यांची खरी दौलत जिथून येत होती ती पेरू, मेक्सिको, गोवा, मलाक्का ही सगळी ठिकाणे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण पट्ट्यात, जिथे हा नकाशा सर्वांत कमी फुगवतो. सर्वांत जास्त फुगतात ते ध्रुवाकडचे ओसाड बर्फाळ प्रदेश. राजाला खूश करण्यासाठी रचलेले हे कारस्थान असेल, तर ते फारच बावळट माणसाने रचलेले असले पाहिजे. मर्केटर बावळट नव्हता.

तो सत्तेपासून अगदी अलिप्त होता असेही नाही. सम्राट पाचव्या चार्ल्ससाठी त्याने पृथ्वीगोल व उपकरणे बनवली होती. पण त्याच सम्राटाच्या राज्यात १५४४ मध्ये धर्मद्रोहाच्या संशयावरून त्याला पकडले गेले आणि सुमारे सात महिने तो रुपेलमोंडेच्या किल्ल्यात कैदेत होता. पुढे १५५२ मध्ये फ्लँडर्स सोडून तो ड्युइसबुर्गला गेला, तो कायमचा. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश साम्राज्याची मानसिकता उचलून या माणसाच्या डोक्यात बसवणे, याला आपल्या शास्त्रात कालविपर्यास म्हणतात. शिवकालीन सरदाराच्या तोंडी विसाव्या शतकातला राष्ट्रवाद घातला की आपण नाके मुरडतो. तोच न्याय इथेही लावायला हवा.

मर्केटरचा नकाशा नाविकांनीसुद्धा लगेच उचलला नाही. समुद्रावर रेखांश अचूक कळू लागेपर्यंत, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, त्याचा पुरेपूर उपयोग करणे कठीणच होते.

मग मर्केटर सुटला, खटला संपला? नाही. माझ्या मते इथे खटला सुरू होतो, फक्त आरोपी बदलतो. जहाजाच्या टेबलावरचा नकाशा शाळेच्या भिंतीवर कोणी टांगला? ज्या मुलांना आयुष्यात कधी सुकाणू धरायचे नव्हते, त्यांना जग दाखवण्यासाठी नाविकाचे हत्यार का दिले गेले?

पर्याय नव्हते, ही सबब टिकत नाही. योहान लांबर्टने १७७२ मध्ये क्षेत्रफळ तंतोतंत राखणारी प्रक्षेपणे मांडली होती. कार्ल मोलवाइडेने १८०५ मध्ये लंबगोल आकारात सगळे जग योग्य क्षेत्रफळांनी बसवून दाखवले. हे ज्ञान गुप्त नव्हते. तरीही एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात सामान्य वाचकासाठी आणि वर्गासाठी छापल्या जाणाऱ्या जागतिक नकाशांत मर्केटरचेच राज्य राहिले. याची काही कारणे साधीसुधी आहेत. चौकोनी नकाशा चौकोनी कागदावर व चौकोनी भिंतीवर नीट बसतो. उत्तर सगळीकडे वरच राहते. युरोपातील दाटीवाटीची नावे लिहायला अधिक जागा मिळते. आरमार आणि जहाज कंपन्यांमुळे या नकाशाची सवयही झालेली होती. यांतल्या एकाही कारणात दुष्टपणा नाही.

पण सवयीला हितसंबंधांची साथ मिळाली की ती सुटत नाही. १८८६ मध्ये लंडनच्या ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकाने ब्रिटिश साम्राज्याचा एक मोठा नकाशा पुरवणी म्हणून दिला. मर्केटरचे प्रक्षेपण, ग्रीनिचचे रेखावृत्त मध्याजवळ, साम्राज्याचे प्रदेश गुलाबी रंगात. तळाशी ॲटलसने तोललेल्या पृथ्वीगोलावर ब्रिटानिया बसलेली आणि कडेने वसाहतींतील माणसे व प्राणी. सजावट वॉल्टर क्रेनची. गंमत म्हणजे क्रेन समाजवादी होता, आणि त्याच्या चित्रात स्वातंत्र्य व बंधुत्वाच्या घोषणांचे फलकही आहेत. बारा वर्षांनी, १८९८ मध्ये, कॅनडाने एक टपाल तिकीट काढले. बोटाच्या पेराएवढ्या त्या कागदावर मर्केटरचे अख्खे जग, साम्राज्य लाल रंगात, आणि आजवर इतके मोठे साम्राज्य झालेच नाही अशा अर्थाची एक ओळ.

या दोन कागदांकडे नीट पाहा. लाल रंगाचा सर्वांत मोठा फराटा कॅनडाचा आहे. तेव्हाचा हिंदुस्थान कॅनडाच्या निम्म्याहून थोडा कमी होता, पण कागदावर तो कॅनडापुढे कित्येक पटींनी लहान पडतो. ज्या भूमीतून महसूल, सैनिक आणि गिरण्यांसाठी कापूस जात होता, ती कोपऱ्यात; आणि ज्या बर्फात माणूस औषधाला सापडत नव्हता, तो साम्राज्याचा दिमाख. इथे कोणी आकडे खोटे लिहिले नाहीत. एक जुना, गणिताने निर्दोष नकाशा अशा कामाला लावला, की ज्यासाठी तो केलेलाच नव्हता. माझ्या लेखी ऐतिहासिक अपराध आहे तो हा. तो १५६९ चा नाही, १८८६ चा आहे.

हा भेद काढणे म्हणजे केस चिरणे नव्हे. कर्त्याचा हेतू आणि वस्तूचा पुढचा वापर या दोन गोष्टी एक केल्या, की एका मेलेल्या माणसाला शिक्षा ठोठावून आपण मोकळे होतो, आणि ज्यांनी तीन-तीन शतकांनंतर तो नकाशा निवडला, छापला, विकत घेतला आणि पोरांपुढे टांगला त्या प्रकाशकांना, शिक्षणखात्यांना आणि संपादकांना प्रश्न विचारायचे राहून जातात.

मर्केटरविरुद्ध सर्वांत गाजलेली फिर्याद मात्र एका इतिहासकाराने दाखल केली, हे या धाग्याच्या वाचकांना आवडेल. आर्नो पीटर्स, जर्मन, जन्म १९१६. त्याने १९५२ मध्ये जगाचा एक समकालदर्शी इतिहास प्रसिद्ध केला होता. त्यात काळाचा पट्टा आखून प्रत्येक शतकाला समान जागा दिलेली होती. इतिहासग्रंथांत अलीकडच्या युरोपला शेकडो पाने मिळतात आणि बाकीच्या काळाला नि लोकांना तळटीप, हा त्याचा आक्षेप. मग हाच आक्षेप तो भूगोलाकडे घेऊन गेला, आणि १९७०च्या दशकात त्याने समक्षेत्र नकाशा मोठ्या गाजावाजाने पत्रकारांपुढे ठेवला : जसा प्रत्येक शतकाला सारखा कागद, तसा प्रत्येक चौरस किलोमीटरला सारखा कागद. कल्पना म्हणून मला हे फार देखणे वाटते.

अडचणी पुढे होत्या. पहिली ही की नकाशा नवा नव्हता. जेम्स गॉल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने हेच प्रक्षेपण १८५५ मध्ये ग्लासगोच्या एका शास्त्रीय परिषदेत मांडले होते. म्हणून आज त्याला गॉल-पीटर्स म्हणतात. दुसरी अडचण अधिक रंजक. क्षेत्रफळ राखायचे म्हणजे आकारांचा बळी द्यायचा. पीटर्सच्या नकाशात विषुववृत्ताजवळची भूमी आडवी दाबली व उभी ओढली जाते. तिथे उभे माप आडव्याच्या दुप्पट होते. आपल्या मुंबई-नाशिकच्या अक्षांशांवर ते जवळजवळ पावणेदोन पट आहे. आफ्रिका पिळलेल्या टॉवेलसारखी लोंबते. आकार अगदी बरोबर राहतो तो ४५ अंशांवर, म्हणजे मिलान आणि बोर्दोच्या आसपास. आफ्रिकेला न्याय देण्यासाठी निघालेल्या या नकाशात सर्वांत कमी विद्रूप झालेला खंड कोणता, तर युरोप! पीटर्सला हे गणित कळत नव्हते असे मानणे कठीण आहे.

नकाशाशास्त्रज्ञ खवळले. आर्थर रॉबिन्सन या ख्यातनाम अमेरिकी अभ्यासकाने लिहिले ते साधारण असे, की यातले खंड उत्तर ध्रुववृत्ताच्या दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या, फाटक्या, लांब अंतर्वस्त्रांसारखे दिसतात. दुसरीकडे चर्च संघटना, मदतसंस्था आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने हा नकाशा उचलून धरला. श्रीमंत उत्तर आणि गरीब दक्षिण यांच्यावरील ब्रँट आयोगाच्या १९८० च्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच होता. १९८९ मध्ये उत्तर अमेरिकेतील भूगोलविषयक संस्थांनी ठराव करून सामान्य वापरासाठी जगाचे सगळेच चौकोनी नकाशे टाळा, असे आवाहन केले; म्हणजे मर्केटरही नको आणि पीटर्सही नको.

या भांडणात मी कोणाच्या बाजूने? गणितात तज्ज्ञ बरोबर होते, आणि मर्केटरच्या दोषांबद्दल आपण पीटर्सच्या कितीतरी आधीपासून ओरडत आहोत, हेही त्यांचे म्हणणे खरे होते. पण त्यांच्या ओरडण्याने वर्गाच्या भिंती बदलल्या नव्हत्या. पीटर्सने अर्धवट दाव्यांनिशी का होईना, तो प्रश्न परिषदांच्या दालनातून बाहेर काढून वर्तमानपत्रांत आणला. तज्ज्ञांचा राग काही अंशी यासाठीही असावा, अशी मला शंका आहे.

इथवर आपण धरून चाललो की नकाशा बिघडला म्हणून आपली जगाची समजही बिघडली. हे तरी खरे आहे का?

अमेरिकी भूगोलज्ञ थॉमस सारिनेन याने १९८०च्या दशकात जगभरच्या विद्यापीठांतून हजारो विद्यार्थ्यांकडून कोऱ्या कागदावर, आठवणीने, जगाचे नकाशे काढून घेतले. बहुसंख्य चित्रांत युरोप अवाजवी मोठा निघाला आणि आफ्रिका अवाजवी लहान. आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांचेही तसेच. हा मर्केटरचा परिणाम असेल, असे पटकन वाटते. पण पुढे २००९ मध्ये सारा बॅटर्सबी आणि डॅनियल माँटेलो यांनी लोकांना निरनिराळ्या प्रदेशांच्या क्षेत्रफळांचे अंदाज विचारले, तेव्हा त्या अंदाजांत मर्केटरचा ठसा उमटला नाही. उत्तरेकडे सरकावे तसतसे अंदाज फुगत जायला हवे होते, ते तसे गेले नाहीत. मनातला नकाशा भिंतीवरच्या नकाशाची नक्कल नसतो. ज्या प्रदेशाबद्दल आपण अधिक वाचतो, ऐकतो, ज्याची शहरे आणि राजे आपल्याला नावाने ठाऊक असतात, तो मनात मोठा होतो, असाच अर्थ मी यातून काढते.

याचा पडताळा आपल्याच किनाऱ्यावर घेता येतो. मुंबईहून सोमालियाची राजधानी मोगादिशू सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे, लंडन सात हजारांच्या वर. आणि या बाबतीत मर्केटर बिचारा खोटे बोलतच नाही. मुंबईच्या अक्षांशावर तो लांबी जेमतेम सहा टक्के वाढवतो, विषुववृत्तावर काहीच नाही. कोकण आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा यांच्यातले पाणी तो जवळजवळ जसे आहे तसे दाखवतो. लंडन तर तो आहे त्याहून लांब नेऊन ठेवतो. तरीही आपल्यापैकी कितीजणांना आफ्रिका जवळ वाटते? टेम्स, वेस्टमिन्स्टर, ट्राफल्गार ही नावे ओळखीची आहेत. मोंबासा, किलवा, मालिंदी यांतले एखादे तरी बोटाने दाखवता येईल का?

आणि हे दुर्लक्ष आपल्याला परवडणारे नाही, कारण मराठी इतिहासाची एक आख्खी बाजू त्या किनाऱ्याकडे उघडते. निजामशाही तोलून धरणारा, १६१० मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनमध्ये आला होता. त्याला ज्याने विकत घेतले तो अहमदनगरचा पेशवा चंगेजखान, तोही हबशीच. जंजिऱ्याच्या सिद्दींवर आपण तावातावाने बोलतो, महाराजांना तो किल्ला का मिळाला नाही यावर रात्री जागवतो. पण सिद्दी जिथून आले त्या भूमीत तेव्हा कोणाची राज्ये होती, तिथले लोक काय लिहीत होते, कोणता धर्म पाळत होते, याबद्दल एक वाक्य सांगता येत नाही. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला हे सर्वांना पाठ असते. मालिंदीला त्याला वाट जाणणारा वाटाड्या मिळाला आणि मग अरबी समुद्र चार आठवड्यांच्या आत पार झाला, हे निसटते. पाणी ओळखीचे होते, वर्दळीचे होते. नवखा होता तो गामा.

ही आफ्रिका आपल्या डोक्यात लहान केली ती पाठ्यपुस्तकांच्या पानांनी. जगाचा इतिहास म्हणून रोम, प्रबोधन, फ्रेंच राज्यक्रांती, दोन महायुद्धे. आणि आफ्रिका येते ती १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत, तीही वाटून घेतली जाण्यासाठी. पीटर्सचे १९५२ चे पुस्तक मला त्याच्या नकाशाहून अधिक महत्त्वाचे वाटते ते यासाठी. त्याचे बोट आधी बरोबर जागी होते.

२०२५च्या ऑगस्टमध्ये आफ्रिकी संघाने मर्केटरचा वापर सोडून क्षेत्रफळ राखणारा नकाशा वापरावा, अशी मागणी करणाऱ्या मोहिमेला पाठिंबा दिला. त्यासाठी पुढे केलेले ‘इक्वल अर्थ’ हे प्रक्षेपण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कडा वळवून घेतल्यामुळे क्षेत्रफळे अचूक राहतात आणि खंड पीटर्सइतके लोंबत नाहीत. ही मागणी मला सर्वस्वी न्याय्य वाटते. नाविकाचा नकाशा वर्गात नको, एवढे कारण तिला पुरेसे आहे. तिच्या समर्थनासाठी १५६९ मधले कारस्थान रचून सांगण्याची गरज नाही. उलट तसे सांगितल्याने विरोधकाला एक सोपी चूक हाती लागते, आणि ती खोडून तो सगळी मागणीच उडवून लावतो. असे वाद मी पाहिले आहेत.

मर्केटर जगातून जाणारही नाही. २००५ पासून गूगल मॅप्स चालत आले ते मर्केटरच्याच एका रूपावर. गल्लीपर्यंत जवळ गेले तरी चौकातला काटकोन काटकोनच राहतो, मुंबईतही आणि ओस्लोतही, म्हणून. २०१८ मध्ये संगणकावर, पूर्ण लांबून पाहताना, गूगलने पृथ्वी गोल दाखवायला सुरुवात केली. भारतीय सर्वेक्षण विभागाची २००५ च्या धोरणानंतरची स्थलदर्शक पत्रकेही मर्केटर आडवा करून बनवलेल्या प्रक्षेपणावर आहेत. गड शोधायला निघताना आपण ज्याच्या भरवशावर वाट काढतो, तो याच घराण्यातला नकाशा.

आता एक विनंती. कोरा कागद घ्या, काहीही न पाहता दहा मिनिटांत जग काढा, मग ते पृथ्वीगोलाशी ताडून पाहा आणि खाली चित्र टाका. कोणता खंड आक्रसला तेही लिहा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर किती नावे भरता आली, हे मला विशेष जाणून घ्यायचे आहे, कारण पुढचा धागा मलिक अंबरच्या प्रवासाचा आहे आणि तो दौलताबादेपासून नव्हे, इथिओपियाच्या डोंगराळ मुलखातून सुरू होईल.